रॅम पुन्हा २१३३वर, प्रोसेसर पुन्हा मंद: बायोसची सेटिंग परत परत का उडतात?

तक्रार साधारण अशी असते. कॉम्प्युटर नवा जोडला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला डब्यावरचा वेग देणारं तयार प्रोफाइल, चालू केलं, रॅम ३६००वर धावू लागली, सगळं छान चाललं. तीन आठवड्यांनी मशीन जड वाटायला लागतं. गेममध्ये मधूनच झटके बसतात, मोठी फाइल झिप करायला जास्त वेळ लागतो. बायोस उघडून पाहिलं तर एक्सएमपी बंद. पुन्हा चालू करायचं, पुन्हा काही दिवसांनी तेच. मग बरेच जण प्रोसेसर बदलायच्या गोष्टी करतात, विंडोज नव्याने टाकतात. प्रोसेसरला काहीही झालेलं नसतं. त्याच्याभोवतीची सेटिंग उडालेली असतात. ती का उडतात हे शोधल्याशिवाय पुन्हा पुन्हा भरण्यात अर्थ नाही.

उदाहरणासाठी सगळीकडे दिसणारी जोडी घेऊ: रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३६०० पट्ट्या. इंटेलचं वेगळं दुखणं शेवटाकडे आहे.

नेमकं काय पडलं आहे ते आधी बघा

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा, उजवीकडे खाली स्पीड लिहिलेला असतो. तिथे ३६०० असेल तर रॅमचं ठीक आहे. २१३३, २४०० किंवा २६६६ असेल तर एक्सएमपी उडालं आहे, कारण हा त्या पट्टीचा मूळ वेग आहे, कोणतंही प्रोफाइल न लावता बोर्ड जो धरतो तो. सीपीयू-झेडमध्ये हाच आकडा निम्मा दिसतो, म्हणजे ३६००च्या जागी १८००. तो बघून घाबरू नका. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती देते आणि सीपीयू-झेड ठोके मोजतं.

रायझनमध्ये रॅमचा वेग पडला की प्रोसेसरच मंद वाटतो. प्रोसेसरच्या गाभ्यांचा (कोअरचा) रॅमशी बोलण्याचा जो अंतर्गत रस्ता आहे, इन्फिनिटी फॅब्रिक, तो रॅमच्या ठोक्याला बांधलेला असतो. रॅम ३६००वर असताना फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्झवर चालतं. रॅम २१३३वर आली की तेही साधारण १०६६वर येतं. गाभे ४.४ गिगाहर्ट्झवर धावतच असतात, पण माहितीची वाट बघत बसतात.

इथे एक फसगत होते. वेग तपासायला बहुतेक जण सिनेबेंच आर२३ चालवतात आणि गुण जवळजवळ तेवढेच आलेले बघून म्हणतात, ‘सगळं ठीक आहे की.’ सिनेबेंच आर२३चं काम बहुतांशी प्रोसेसरच्या कॅशमध्येच उरकतं, रॅम मंद झाली तरी त्याला फारसा फरक पडत नाही. रॅमचा परिणाम बघायचा असेल तर सेव्हन-झिपमधली बेंचमार्क चाचणी चालवा आणि कॉम्प्रेसिंगचा आकडा बघा. एक्सएमपी असताना आणि नसताना तो ठळकपणे वेगळा येतो.

रॅमचा वेग बरोबर आहे आणि तरी मशीन मंद आहे, असं असेल तर मधले भाग सोडून थेट ‘रॅम ठीक, वेग तरीही पडतो’ या भागातल्या वॉट आणि तापमानाकडे जा.

बायोसचं घड्याळ बघा, विंडोजचं नको

निम्मं निदान इथेच होतं आणि हीच पायरी सर्वाधिक गाळली जाते. कॉम्प्युटर रात्री बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद करा. सकाळी चालू करताना विंडोज सुरू होऊ न देता डिलीट दाबत राहा आणि थेट बायोसमध्ये जा. पहिल्याच पानावर तारीख आणि वेळ असते. विंडोज सुरू झालं की ते इंटरनेटवरून वेळ सुधारून घेतं आणि पुरावा पुसला जातो, म्हणून आधी बायोस.

तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असेल तर घड्याळ चालू ठेवणारा बोर्डवरचा छोटा सेल संपला, आणि सेटिंग त्यामुळेच उडतात. वेळ अगदी बरोबर आहे आणि फक्त एक्सएमपी उडालं आहे, तर सेल चांगला आहे आणि दोष रॅमच्या जुळवणीत किंवा विजेत आहे. वेळ बरोबर साडेपाच तास मागे असेल तर दोष कशातच नाही. त्या मशीनवर विंडोजबरोबर लिनक्सही आहे. लिनक्स घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज स्थानिक वेळ धरतं आणि भारतीय वेळेत तेवढाच फरक आहे. अशा मशीनचा सेल काढून फेकण्याआधी एवढं बघा.

सेल गेल्याची आणखी एक खूण आहे. सकाळी ब्राउझर उघडला की बँकेपासून मेलपर्यंत प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा देते आणि दहा मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत होतं. तारीख चुकल्यामुळे साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरलेली असतात, वेळ सुधारली की ती पुन्हा चालतात.

सेल बदलणं

बोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा जो चपटा सेल असतो तो सीआर२०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानात कधी कधी सीआर२०२५ हातात ठेवतात. व्यास तोच, व्होल्टेज तेच, पण जाडी २.५ मिलिमीटर. तो खाचेत बसतो, पण सैल बसतो, कॅबिनेट हलवलं की संपर्क सुटतो आणि सेटिंग पुन्हा उडतात. नवा सेल टाकूनही तक्रार कायम असेल तर सेलवर कोरलेला आकडा वाचा.

बदलताना एसएमपीएसचं (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं) बटण बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. पुष्कळ बोर्डांवर सेल ग्राफिक कार्डाखाली असतो, तेव्हा आधी कार्ड काढावं लागतं. ते काढताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबायला विसरू नका, ती तुटण्याचे प्रसंग फार येतात. सेलच्या कडेला एक पातळ धातूची पट्टी असते, ती नखाने किंवा प्लॅस्टिकच्या काडीने बाहेर ढकलली की सेल उसळून वर येतो. लोखंडी स्क्रूड्रायव्हर शक्यतो नको, तो निसटून बोर्डवरच्या रेषा ओरखडतो. नवा सेल अधिक चिन्ह वर करून बसवा.

मल्टिमीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवून जुना सेल मोजा. नवा सेल ३.० ते ३.३ व्होल्ट दाखवतो. २.८च्या खाली गेला की बदला. मात्र २.९ आले म्हणून तो अजून वर्षभर चालेल असं समजू नका. लिथियम सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. एवढ्या स्वस्त वस्तूसाठी मोजमापात वेळ घालवण्यापेक्षा बदलून मोकळं झालेलं बरं.

आपल्याकडे हा सेल लवकर का संपतो? एसएमपीएसला वीज मिळत असते तोवर, कॉम्प्युटर बंद असला तरी, घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेल नुसता बसून असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं की सगळा भार सेलवर येतो. तरीही हिशेब करून बघा. सीआर२०३२ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळाने पाच मायक्रोअँपिअर ओढले असं धरलं तर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. तेव्हा रात्रभर बटण बंद ठेवल्यामुळे सेल सहा महिन्यांत संपायला नको. तो तसा संपत असेल तर सेल निकृष्ट आहे किंवा बोर्डवर कुठेतरी गळती आहे. रात्री बटण बंद करण्याची सवय मात्र यासाठी मोडू नका. वळवाच्या पावसात वीज कडाडत असताना वायर भिंतीतून काढलेलीच चांगली. सेल जाणं परवडतं, बोर्ड जाणं परवडत नाही.

बदलून झाल्यावर बायोसमध्ये वेळ लावा, सेटिंग भरा, रात्रभर वायर काढून ठेवा आणि सकाळी पुन्हा बायोसचं घड्याळ बघा. नव्या चांगल्या सेलवरही वेळ जात असेल तर सीमॉस (बायोसची सेटिंग जिथे राहतात ती मेमरी) पुसण्याची पिन तपासा. जुन्या बोर्डांवर तिथे तीन पिना आणि एक छोटी टोपी असते. ती टोपी चुकीच्या जोडीवर राहिली तर दरवेळी सगळं पुसलं जातं.

वेळ बरोबर, तरीही एक्सएमपी उडालं

आता खरा किचकट भाग. प्रत्येक वेळी चालू होताना बोर्ड रॅमशी जुळवणी करतो, कोणत्या क्षणी माहिती वाचायची हे ठरवतो. यालाच मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते फसलं की बोर्ड पुन्हा प्रयत्न करतो, दोन-तीनदा जमलं नाही की स्वतःच्या मूळ वेगावर उतरतो आणि ‘ओव्हरक्लॉकिंग फेल्ड’सारखा संदेश दाखवून एफ१ दाबायला सांगतो. घाईत एफ१ दाबून पुढे गेलात की संदेश विसरला जातो आणि मशीन मंद झाल्याचं चार दिवसांनी लक्षात येतं. काही बोर्ड तर संदेशही दाखवत नाहीत.

हे बहुधा थंडीच्या सकाळी किंवा बऱ्याच दिवसांनी चालू केल्यावर होतं, कारण तापमान बदललं की जुळवणीची सीमा थोडी सरकते. कडेवर चालणारी रॅम मग पलीकडे पडते. रायझन ५ ५६००ला एएमडीने अधिकृतपणे दिलेला रॅमचा वेग ३२०० आहे. ३६०० हे ओव्हरक्लॉकिंग आहे, पट्टीच्या डब्यावर कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी. बहुतेक प्रोसेसर ते सहज करतात, काही करत नाहीत.

आधी पट्ट्या कुठे बसवल्या आहेत ते बघा. चार खाचांच्या बोर्डवर दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. पहिल्या-तिसऱ्या किंवा शेजारशेजारच्या खाचेत असतील तर आधी त्या हलवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पुढचा प्रश्न, पट्ट्या एकाच पाकिटातल्या आहेत का? आधी एक घेतली, वर्षाने दुसरी घेतली, नाव आणि मॉडेल तेच, तरी आतल्या चिप वेगळ्या कंपनीच्या असू शकतात. अशा मिश्र जोडीवर किंवा चारही खाचा भरल्यावर ३६००चा आग्रह सोडून ३२००वर या. ३६००वरून ३२००वर येण्याने होणारं नुकसान थोडं आहे, ३२००वरून २१३३वर पडण्याचं मोठं.

एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्या असूनही ३६०० टिकत नसेल तर रॅमचं व्होल्टेज १.३५ आहे ना हे बघा. एक्सएमपी लावल्यावर ते आपोआप व्हायला हवं, काही बोर्ड ते १.२०वरच सोडतात. मग एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) १.१०पर्यंत नेऊन बघा, त्यापुढे जाण्याची गरज सहसा पडत नाही. तरीही नाही जमलं तर बाकी प्रोफाइल तसंच ठेवून वेग ३४०० करा. झेनटायमिंग्ज नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये एमसीएलके (रॅम), एफसीएलके (फॅब्रिक) आणि यूसीएलके (मेमरी कंट्रोलर) असे तीन आकडे दिसतात. ते तिन्ही सारखे असले पाहिजेत. यूसीएलके बाकीच्यांच्या निम्मा दिसला तर बोर्डाने मेमरी कंट्रोलर अर्ध्या वेगावर टाकला आहे आणि वेग वाढवूनही उशीर वाढला आहे.

नव्या रायझनचा एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ असेल तर एक गोष्ट डोक्यात ठेवा. नवी रॅम बसवल्यावर किंवा एक्सपो प्रोफाइल (एएमडीचं एक्सएमपीसारखंच) लावल्यावर पहिल्या वेळी ट्रेनिंगला कित्येक मिनिटं लागू शकतात. पडदा काळा, पंखे फिरताहेत, बोर्डवरचा डीरॅमचा दिवा लागलेला. इथे धीर सुटतो, हात रीसेटवर जातो. तो दाबलात की बोर्ड ती फसलेली सुरुवात धरतो आणि मूळ वेगावर येतो. म्हणजे सेटिंग उडवलं ते तुमच्याच बोटाने. एक्सपो लावा, एफ१० दाबून जतन करा, दहा मिनिटं कॉम्प्युटरला हात लावू नका.

हाच प्रकार लाइट गेल्यावर होतो. कॉम्प्युटर सुरू होता होता, ट्रेनिंगच्या मधेच वीज गेली की बोर्डला ते रॅमचं अपयश वाटतं. ज्या भागात लाइट जाते-येते तिथे यूपीएस हवाच. शिवाय ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हे सेटिंग ‘पॉवर ऑफ’वर ठेवा. नाहीतर लाइट आली की कॉम्प्युटर स्वतःहून सुरू होतो, दोन सेकंदांत ती पुन्हा जाते, असं तीनदा झालं की एक्सएमपी गेलंच.

आता सेटिंग भरायची, पण क्रमाने

कारण सापडलं आणि दूर झालं, मगच हे. बायोस अपडेट करायचं असेल तर ते सगळ्यात आधी, कारण अपडेट सगळी सेटिंग पुसतं आणि बहुतेक बोर्डांवर जतन केलेली प्रोफाइलही. बोर्डच्या नावापुढचा रिव्हिजन आकडा बोर्डवरच छापलेला असतो, फाइल त्याच रिव्हिजनची उतरवा. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला हवा. यूपीएसवर असताना करा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर अपडेटआधी ते स्थगित करा आणि रिकव्हरी कीचे ४८ आकडे कागदावर लिहून घ्या. रायझन बोर्डांवर अपडेटनंतर कधी एफटीपीएमबद्दल (प्रोसेसरमधल्या किल्ल्या जपणाऱ्या भागाबद्दल) वाय किंवा एन विचारणारा पडदा येतो. वाय दाबलं की जुनी किल्ली पुसली जाते आणि की जवळ नसेल तर डिस्कमधली सगळी कामं अडकतात.

अपडेटनंतर एकदा मूळ सेटिंग भरा. ही कळ कंपनीप्रमाणे बदलते: आसुसमध्ये एफ५, एमएसआयमध्ये एफ६, गिगाबाइटमध्ये एफ७, एएसरॉकमध्ये एफ९. जतन करून एकदा विंडोजपर्यंत जा. मूळ सेटिंगमध्ये साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड बदलला आणि त्यामुळे विंडोज सुरू झालं नाही, तर तो आधी होता तसा करा. विंडोज नव्याने टाकायची गरज नाही.

मग एक्सएमपी, आणि फक्त एक्सएमपी. आसुसच्या एएमडी बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी, एमएसआयवर ए-एक्सएमपी. जतन करा आणि मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, त्या चारही पूर्ण होऊ द्या, रात्री लावून झोपा. एकही चूक दिसली तर तो वेग नापास. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका. एक चुकीचा बिट विंडोजची फाइल बिघडवतो आणि मग दोष भलत्याच ठिकाणी शोधत बसावं लागतं.

रॅम पास झाली की प्रोसेसर. ५६००साठी सगळ्या गाभ्यांना ठरावीक वेग आणि ठरावीक व्होल्टेज देण्याचा जुना मार्ग वापरू नका. सगळे गाभे ४.४वर बांधले तर फायदा नावापुरता आणि व्होल्टेज मात्र दिवसभर चढलेलं राहतं. त्याऐवजी प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हमधलं (पीबीओ) कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. बऱ्याच बोर्डांवर पीबीओ दोन ठिकाणी असतं, एकदा बोर्ड कंपनीच्या ओव्हरक्लॉकिंग पानावर आणि एकदा अॅडव्हान्स्डमधल्या एएमडी ओव्हरक्लॉकिंगमध्ये. दोन्हीकडे आकडे भरले तर कोणता लागू झाला हे कळत नाही. एकाच जागी भरा, दुसरं ऑटो ठेवा.

५६००ची मूळ मर्यादा अशी आहे: पीपीटी (एकूण वीज) ७६ वॉट, टीडीसी (सततचा प्रवाह) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक प्रवाह) ९० अँपिअर. डब्यातल्या कूलरवर असाल तर त्यांना हात लावू नका. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये ऑल कोअर, चिन्ह निगेटिव्ह, आकडा १०. एक पायरी म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट, तेव्हा १० म्हणजे ३० ते ५० मिलिव्होल्टची कपात. व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून त्याच ७६ वॉटमध्ये प्रोसेसर जास्त वेग धरतो. आठवडाभर नेहमीचं काम करा. टिकलं तर १५, मग २०. ३०पर्यंत जाता येतं, पण प्रत्येक प्रोसेसरला ते झेपतंच असं नाही.

याचं अपयश वेगळ्या प्रकारचं असतं. सिनेबेंच दहा मिनिटं चालतं, गेम दोन तास चालतात आणि मशीन अचानक बंद पडतं ते कोणी काही करत नसताना, ब्राउझरमध्ये बातमी वाचताना. जड कामात सगळे गाभे मधल्या वेगावर असतात, हलक्या कामात एकच गाभा एकदम सर्वोच्च वेगावर उडी मारतो आणि कापलेलं व्होल्टेज त्याला तिथेच अपुरं पडतं. असं झालं की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम उघडा आणि डब्ल्यूएचईए-लॉगरची १८ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात प्रोसेसर एपिक आयडी लिहिलेला असतो. सहा गाभ्यांच्या ५६००वर त्या आकड्याला दोनने भागा, उत्तरातला पूर्णांक तो दोषी गाभा, मोजणी शून्यापासून. आयडी ७ असेल तर गाभा क्रमांक ३. मग ऑल कोअर सोडून पर कोअर निवडा, त्या एकट्याला पाच पायऱ्या सूट द्या, बाकीचे तसेच ठेवा. कोअरसायक्लर हा मोफत प्रोग्रॅम एकेक गाभा आळीपाळीने तपासतो, तो एक रात्र चालवला तर आठवडाभराची वाट बघणं वाचतं.

रॅम ठीक, वेग तरीही पडतो

एचडब्ल्यूइन्फो उघडून सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि प्रोसेसरचे वॉट, तापमान, गाभ्यांचा वेग बघत राहा. ५६००ची तापमानाची कमाल मर्यादा ९० अंश आहे. त्याच्या जवळ जाऊन वेग खाली येत असेल तर बायोसमध्ये शोधण्यासारखं काही नाही. पंख्याची धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, सैल स्क्रू बघा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते आणि खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच तापतो. म्हणून चाचणी दुपारी घ्या. डिसेंबरच्या रात्री पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात टिकेल याचा भरवसा नाही.

इंटेलवर दुखणं उलटसुलट असतं. कोअर आय५ १२४००चं पीएल१ (सततची मर्यादा) ६५ वॉट, पीएल२ (थोड्या वेळापुरती मर्यादा) ११७ वॉट. पहिली २८ सेकंदं तो वरच्या मर्यादेत धावू शकतो, मग ६५वर उतरतो. व्हिडिओ रेंडर सुरुवातीला झपाट्याने जातो आणि अर्ध्या मिनिटानंतर मंदावतो, तो यामुळे. बोर्डच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) अॅल्युमिनियमचा हीटसिंक असेल तर पीएल१ वाढवून ११७ करा. उघड्या व्हीआरएमच्या स्वस्त बोर्डवर मात्र ९०च्या पुढे जाऊ नका, तिथे आधी व्हीआरएम तापतो आणि बोर्ड स्वतःच वेग कापतो.

नावात के अक्षर असलेल्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांवर मात्र मर्यादा काढलेली असणं हाच धोका. पीएल१ आणि पीएल२समोर ४०९५ वॉट दिसले तर बोर्डाने मर्यादा गुंडाळून ठेवली आहे. १३व्या आणि १४व्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांत चढ्या व्होल्टेजमुळे कायमची झीज होते, हे इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसबरोबर येणाऱ्या प्रोसेसरच्या सुधारणा) दिले. असा प्रोसेसर असेल तर नवा बायोस टाका, ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा, आय९ १४९००केसाठी पीएल१ १२५, पीएल२ २५३ आणि आयसीसीमॅक्स (कमाल प्रवाह) ३०७ अँपिअर आहेत ना बघा. झालेली झीज कोणतंही सेटिंग भरून काढत नाही. गेम उघडताना ग्राफिक मेमरी संपल्याचा खोटा संदेश येणं, मोठी झिप उघडताना चूक येणं ही तिची लक्षणं. इंटेलने या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा बिल शोधून दावा करा, व्होल्टेजशी खेळत बसू नका.

लॅपटॉप ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकला असेल तर तो विषयच वेगळा. बायोसमध्ये अॅडॅप्टरची ओळ शोधा. तिथे ‘अननोन’ किंवा अपेक्षेपेक्षा कमी वॉट दिसले तर लॅपटॉपला चार्जर ओळखता येत नाही, म्हणून त्याने वेग मुद्दाम कापला आहे. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. वेग परत आला तर चार्जर किंवा त्याची पिन बदला.

जतन कसं करायचं

प्रत्येक पायरी पास झाली की तिचं वेगळं प्रोफाइल ठेवा: पहिल्यात फक्त एक्सएमपी, दुसऱ्यात एक्सएमपी आणि कर्व्ह १०, तिसऱ्यात पुढचं. ही प्रोफाइल बायोसच्या चिपमध्ये राहतात, सेल संपला तरी जात नाहीत. बायोस अपडेटमध्ये मात्र जातात आणि पेनड्राइव्हवर काढलेलं जुन्या आवृत्तीचं प्रोफाइल नवी आवृत्ती अनेकदा नाकारते. म्हणून पेनड्राइव्ह लावून बायोसच्या प्रत्येक बदललेल्या पानावर एफ१२ दाबा, पानाचं चित्र त्यावर जतन होतं. ती चित्रं मोबाइलमध्येही ठेवा, कारण कॉम्प्युटर बंद असतानाच ती लागणार आहेत.

एखाद्या आकड्यानंतर पडदाच आला नाही, तर बोर्डला तीन वेळा स्वतः प्रयत्न करू द्या. तरी आला नाही तर एसएमपीएस बंद करा, वायर काढा, बोर्डच्या पुस्तिकेत क्लिअर सीमॉसच्या दोन पिना शोधा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडून धरा. पिना सापडत नसतील तर सेल काढून पाच मिनिटं बाजूला ठेवा. सुरू झाल्यावर आधी वेळ लावा, मग पहिलं, फक्त एक्सएमपीचं प्रोफाइल भरा. शेवटचं भरलंत तर ज्या आकड्याने बंद पडलं तोच पुन्हा आत जाईल.